शब्दकोशाचा जुना प्रोग्राम ॲप-व्हीमध्ये बसवताना : प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२३

आमच्या संस्थेतील शेतीविषयक बोलीशब्दांचा कोश गेली बावीस वर्षे एकाच प्रोग्रामवर वाढत आला आहे. तिफण, पाभर, कुळव, रुमणे यांसारख्या शब्दांचे अर्थ, त्यांचे भागाभागांतले उच्चार आणि ते कोणाकडून ऐकले याची टिपणे असे सारे त्यात साठवलेले आहे. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये २००१ साली लिहिलेला हा प्रोग्राम आजवर विंडोज एक्सपीच्या एका संगणकावर चालत होता आणि तो संगणक गेल्या महिन्यात दोनदा सुरू होता होता बंद पडला. प्रोग्राम लिहिणारे सहकारी निवृत्त झाले आहेत, मूळ सोर्स उपलब्ध नाही, आणि हाती आहे ती फक्त इन्स्टॉलेशनची सीडी व डेटाबेसची एक एमडीबी फाइल.

हा प्रोग्राम भाषा प्रयोगशाळेतील १८ संगणकांवर चालावा, नोंदी करणाऱ्यांना ॲडमिनचे अधिकार द्यावे लागू नयेत आणि त्याच्या जुन्या फायलींमुळे इतर सॉफ्टवेअर बिघडू नये, अशी संपादक मॅडमची अपेक्षा आहे. प्रयोगशाळेत विंडोज १० ची एज्युकेशन आवृत्ती आहे. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या दोन आवृत्त्यांमध्ये २०१६ सालच्या १६०७ या सुधारणेपासून ॲप-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचा क्लायंट, म्हणजे पॅकेज चालवणारा भाग, मुळातच समाविष्ट असल्यामुळे तोच मार्ग घेण्याचे ठरले.

पुढे ही वही ज्यांच्या हाती येईल त्यांच्यासाठी एक खुलासा येथेच करून ठेवतो. ॲप-व्ही म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक नव्हे. प्रोग्रामच्या फायली आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) नोंदी एका पॅकेजमध्ये बांधलेल्या असतात, आणि प्रोग्राम सुरू झाला की मूळ विंडोज आणि प्रोग्राम यांच्या मध्ये एक आभासी थर उभा राहतो. त्या थराच्या आतून पाहिले की प्रोग्राम नेहमीसारखा इन्स्टॉल झालेला दिसतो; बाहेरून पाहिले तर त्या जागी काहीच नसते.

४ जुलै

पॅकेज बांधण्यासाठी हायपर-व्हीमध्ये (आभासी संगणक चालवण्याच्या विंडोजच्या सोयीत) विंडोज १० चा ६४ बिटांचा कोरा आभासी संगणक तयार केला, त्यात सिक्वेन्सर, म्हणजे पॅकेज बांधण्याचे ॲप-व्हीचे साधन, बसवला, विंडोज अपडेट, सर्च इंडेक्सिंग आणि डिफेंडरची सततची तपासणी बंद केली आणि त्या स्थितीचा चेकपॉइंट घेतला. सिक्वेन्सर इन्स्टॉलेशनच्या काळातील प्रत्येक बदल टिपत असल्यामुळे या सेवा चालू राहिल्या तर त्यांचीही हालचाल पॅकेजमध्ये शिरते. प्रत्येक प्रयत्नानंतर याच चेकपॉइंटवर परतायचे, हा नियम केला आहे.

६ जुलै

इन्स्टॉलेशन सुरू होताच अडले. संगणकावरील काही सिस्टिम फायली जुन्या असून त्या बदलण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल, असा संदेश आला. तसे केल्यावर पुन्हा तोच संदेश आला आणि तिसऱ्यांदाही तोच. सिक्वेन्सरचा दोष असावा असे प्रथम वाटले, म्हणून सिक्वेन्सरशिवाय साध्या विंडोज १० वर सीडी चालवून पाहिली. तेथेही हेच चक्र चालू राहिले. अडचण नक्की कोणत्या बाजूची आहे हे ठरवायला एवढी एक चाचणी पुरेशी पडते, आणि यापुढे प्रत्येक वेळी ती आधी करावी असे वाटते.

कारण सीडीवरच्या सेटअप.एलएसटी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सापडले. व्हिज्युअल बेसिक ६ च्या पॅकेजिंगच्या साधनाने तयार केलेल्या प्रत्येक सीडीवर ही फाइल असते आणि मुख्य इन्स्टॉलेशनच्या आधी कोणत्या फायली विंडोजमध्ये घालायच्या याची यादी तिच्या ‘बूटस्ट्रॅप फाइल्स’ या भागात असते. आमच्या यादीत व्हीबी६एसटीकिट या इन्स्टॉलरच्या स्वतःच्या फाइलबरोबरच ओलेऑट३२, ओलेप्रो३२, एसिकफिल्ट, कॉमकॅट, एसटीडीओले२ आणि व्हिज्युअल बेसिकचा रनटाइम एवढ्यांचा समावेश होता. विंडोज १० मध्ये यांपैकी व्हीबी६एसटीकिट सोडून बाकी फायलींच्या नव्या आणि संरक्षित प्रती आधीपासून असतात. इन्स्टॉलर त्या बदलायला जातो, विंडोज त्या बदलू देत नाही, आणि इन्स्टॉलर पुन्हा एकदा संगणक सुरू करायला सांगतो.

सीडीची प्रत डिस्कवर घेतली, त्या भागातून फक्त व्हीबी६एसटीकिट ही फाइल ठेवली, बाकीच्या ओळी काढल्या आणि उरलेल्या ओळीचा क्रमांक एक आहे याची खात्री केली, कारण क्रमांकांत खंड पडला की यादी तेथेच संपली असे इन्स्टॉलर समजतो. पुढच्या भागातील ओळींमध्येही विंडोजमध्ये असतील असे वाटलेले दोन-तीन घटक काढून टाकले. इन्स्टॉलेशन सुरळीत पूर्ण झाले.

७ जुलै

सिक्वेन्सरच्याच टप्प्यात प्रोग्राम पहिल्यांदा चालवून पाहिला. पहिली खिडकी उघडली आणि क्रमांक ४२९ ची त्रुटी आली : ॲक्टिव्हएक्स घटकाला ऑब्जेक्ट तयार करता येत नाही.

ॲप-व्हीची पॅकेज फाइल ही मुळात झिप असते. तिची प्रत करून नावाचा शेवट बदलला की आतील फोल्डर सरळ उघडून वाचता येतात. ‘रूट’ फोल्डरात ‘व्हीएफएस’ आणि त्यात प्रोग्राम फाइल्स, सिस्टिम, विंडोज अशा प्रत्येक ठिकाणाच्या नावाचा एकेक फोल्डर असतो. डीएओच्या, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या घटकाच्या, फायली जेथे असायला हव्या होत्या ते फोल्डरच पॅकेजमध्ये नव्हते. काल ‘विंडोजमध्ये असतील’ असे समजून मी काढलेल्या ओळींत डीएओची ओळ होती. विंडोज १० मध्ये डीएओ असते हे खरे, पण ते ३.६, आमचा प्रोग्राम मागतो ते ३.५१. त्याची फाइल वेगळी आहे, रजिस्ट्रीतील ओळखही वेगळी आहे, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

चेकपॉइंटवर परतलो, ती ओळ पुन्हा घातली, पॅकेज नव्याने बांधले. मुख्य खिडकी उघडली आणि कोशातील पहिली नोंद पडद्यावर दिसली. एक्सपीवरच्याच त्या राखाडी चौकटी होत्या. मॅडमना बोलावून दाखवले.

१० जुलै

प्रयोगशाळेतील एका संगणकावर क्लायंट सुरू केला, पॅकेज जोडले आणि सर्व वापरकर्त्यांसाठी प्रकाशित केले. प्रोग्राम उघडतो, जुन्या नोंदी दिसतात, शोध चालतो. पण नवी नोंद जतन करताना क्रमांक ३०२७ ची त्रुटी येते, म्हणजे डेटाबेस फक्त वाचण्यासाठी उघडलेला आहे.

एमडीबी फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरात, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये राहते. तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, आणि ॲप-व्ही थराच्या आतही ती बंदी जशीच्या तशी पाळते. एक्सपीवर सर्वजण ॲडमिन म्हणून काम करत असल्यामुळे बावीस वर्षांत हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. सिक्वेन्सरच्या प्रगत पर्यायांत आभासी फाइल व्यवस्थेत प्रोग्रामला पूर्णपणे लिहू देण्याची एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली आणि पॅकेज पुन्हा बांधले. आता नोंद जतन होते, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तरी ती टिकलेली दिसते.

११ जुलै

पॅकेज चार संगणकांवर प्रकाशित केले. नोंदी करणाऱ्या दोन सहकारी विद्यार्थिनींनी काम सुरू केले. तक्रार नाही.

१८ जुलै

दुपारी दोघींपैकी एकीने विचारले, “सर, मी काल ‘शिवळ’ टाकली होती. या मशिनवर ती का दिसत नाही?”

जोखडाच्या भोकात घालायच्या खुंटीला शिवळ म्हणतात. तिने तिचे कोल्हापूरकडचे दोन उच्चार आजोबांकडून विचारून आणून सोमवारी तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकावर भरले होते. आज ती पाचव्या क्रमांकाच्या संगणकावर बसली होती. मी तिसऱ्यावर जाऊन माझ्या नावाने प्रोग्राम उघडला, तर तेथेही शिवळ नव्हती. तिला तिच्या नावाने त्याच संगणकावर उघडायला सांगितले, तेव्हा ती दिसली.

शोध चुकला असेल, डेटाबेसची अनुक्रमणिका बिघडली असेल, हे सारे तर्क तेथेच बाद झाले. संगणक तोच आणि प्रोग्रामही तोच असताना फक्त वापरकर्ता बदलल्याने कोश बदलत होता. दोघींना तूर्त काम थांबवायला सांगितले आहे.

१९ जुलै

विंडोज व्हिस्टापासूनची एक जुनी सवय आठवली : जुना प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू लागला की विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात वळवते. म्हणून प्रथम तेथे पाहिले. तेथे काही नव्हते.

मग थराच्या आत शिरून पाहायचे ठरवले. कोणताही प्रोग्राम पॅकेजच्या थरात सुरू करण्यासाठी त्याच्या आज्ञेच्या शेवटी ‘ॲपव्हीव्हीई’ हा स्विच आणि पॅकेजचा व आवृत्तीचा ओळख-क्रमांक जोडतात. तिसऱ्या संगणकावर त्या विद्यार्थिनीच्या लॉगिनमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, डावीकडची साधी आणि उजवीकडची थराच्या आतली. दोन्हींत एकच आज्ञा दिली : ‘प्रोग्राम फाइल्स’मधील कोशाच्या फोल्डरातील फायली दाखव. डावीकडे असे फोल्डरच नाही, असे उत्तर आले. उजवीकडे पूर्ण यादी आली आणि एमडीबी फाइलपुढे कालची तारीख होती. माझ्या लॉगिनमध्ये हेच केले, तेव्हा त्याच मार्गावरच्या त्याच नावाच्या फाइलपुढे पॅकेज बांधल्याची तारीख होती.

खरी फाइल कोठे आहे हे पाहण्यासाठी प्रोसेस मॉनिटर लावला आणि नोंद जतन करताना कोणत्या फाइलवर लिहिले जाते ते टिपले. वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटा या स्वतःच्या फोल्डरात, त्यातील मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात, ॲप-व्ही, क्लायंट, व्हीएफएस आणि त्याखाली पॅकेजच्या ओळख-क्रमांकाचे फोल्डर : तेथे कोशाची संपूर्ण प्रत तयार झाली होती.

ॲप-व्ही ठरल्याप्रमाणेच वागत होते. पॅकेजमधील मूळ फाइल कधीही बदलायची नाही, ही या थराची मूळ अट आहे. एखाद्याने तिच्यात लिहिले की त्या वापरकर्त्यापुरती एक प्रत काढायची आणि पुढचे सारे लिखाण त्या प्रतीत करायचे. फॉन्टचा आकार किंवा खिडकीची जागा अशा वैयक्तिक पसंतींसाठी ही पद्धत उत्तम आहे. येथे मात्र १० तारखेला मी खूण केलेल्या त्या चौकटीने त्रुटी दूर केली आणि त्याबरोबर कोशाचे जितके वापरकर्ते तितके तुकडे केले. बंदी होती तेव्हा प्रोग्राम निदान थांबून सांगत तरी होता. परवानगी दिल्यावर तो जतन झाल्याचे सांगू लागला, आणि जतन कोठे झाले हे पाहण्याची गरज मला आठ दिवस वाटली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या नोंदी कोणाच्या तरी आजोबांकडून विचारून आणलेल्या आहेत.

२० जुलै

चारही संगणकांवरील वापरकर्त्यांचे फोल्डर तपासले. वेगवेगळ्या पाच प्रतींत मिळून ११४ नव्या नोंदी होत्या. कोणत्याही दुरुस्तीआधी त्या पाचही प्रती तारीख आणि लॉगिनचे नाव लावून बाहेरच्या डिस्कवर घेतल्या.

येथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. पाचव्या संगणकावर प्रोग्रामची खिडकी पडद्याच्या बाहेर उघडत असल्याची किरकोळ तक्रार होती आणि त्यासाठी परवा मी पॅकेजच्या दुरुस्तीची पॉवरशेल आज्ञा, वापरकर्त्याची स्थिती मूळपदावर आणण्याच्या पर्यायासह, टंकून ठेवली होती. तेवढ्यात घंटा झाली आणि ती चालवायची राहिली. ती आज्ञा वापरकर्त्याचे बदल पुसते, आणि येथे ते बदल म्हणजेच कोश होता. पॅकेजने धरलेल्या फोल्डरात काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय ही आज्ञा या प्रयोगशाळेत कोणीही देऊ नये.

नोंदी एकत्र करण्याचे काम ॲक्सेसमध्ये दुपारभर चालले. मूळ प्रतीत नसलेल्या ओळी प्रत्येक प्रतीतून काढल्या. सात शब्द दोघींनीही स्वतंत्रपणे भरले होते, ते मॅडमनी स्वतः वाचून जुळवले. शिवळ एकच होती.

२४ जुलै

नव्या पॅकेजचे तत्त्व सरळ आहे : प्रोग्राम थराच्या आत, कोश थराच्या बाहेर. सुदैवाने प्रोग्राम डेटाबेसचा मार्ग विंडोज फोल्डरातील सेटिंग्जच्या एका आयएनआय फाइलमधून वाचतो. सर्व्हरवर एक सामायिक फोल्डर तयार केले, एकत्र केलेली एमडीबी तेथे ठेवली, पॅकेज बांधतानाच आयएनआय फाइलमध्ये तो मार्ग लिहिला आणि पॅकेजमधील एमडीबी पूर्णपणे काढून टाकली, म्हणजे मार्ग चुकला तर प्रोग्रामने जुनी प्रत शांतपणे उघडण्याऐवजी त्रुटी द्यावी. पूर्णपणे लिहू देणारी चौकटही रिकामी केली.

सामायिक फोल्डरावर नोंदी करणाऱ्यांना फक्त एमडीबीमध्ये लिहिण्याची परवानगी देऊन भागत नाही. डेटाबेस उघडला की जेट ही डेटाबेस हाताळणारी यंत्रणा त्याच फोल्डरात एलडीबी नावाची कुलूप-फाइल तयार करते आणि शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की पुसते. म्हणून फोल्डरात फायली तयार करण्याची आणि पुसण्याचीही परवानगी लागते. ती दिली.

नवे पॅकेज जुन्याच्या पुढची आवृत्ती म्हणून चार संगणकांवर प्रकाशित केले. दोघींच्या लॉगिनमध्ये मात्र प्रोग्राम अजून जुनाच कोश उघडत होता, आणि तो पॅकेजमध्ये नव्हताच! बाकी सर्वांच्या लॉगिनमध्ये सामायिक कोश दिसत होता.

वापरकर्त्याच्या प्रती पॅकेजच्या ओळख-क्रमांकाखाली राहतात आणि आवृत्ती बदलली तरी पॅकेजचा तो क्रमांक बदलत नाही. प्रोग्रामने पहिल्या आठवड्यात त्या दोघींच्या नावाने आयएनआय फाइल एकदा लिहिली होती. ती प्रत आता नव्या पॅकेजमधील आयएनआयला झाकत होती आणि तिच्यातला मार्ग त्यांच्या जुन्या एमडीबीकडे नेत होता. प्रती आधीच बाहेर घेतलेल्या असल्यामुळे त्या दोन लॉगिनमधली फोल्डर रिकामी केली. उरलेल्या तीन प्रतींच्या लॉगिनमध्ये मात्र आयएनआय कधी लिहिलीच गेली नव्हती, म्हणून तेथे अडचण आली नाही. तरीही तेथील जुन्या एमडीबीही काढून टाकल्या.

२६ जुलै

एक प्रश्न उरला होता. प्रोग्राममधून कोशाचे पान छापायला दिले की वर्ड उघडते आणि मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व अनोळखी खुणा दिसतात. कोशाचा मजकूर युनिकोडपूर्व काळातील आठ बिटांच्या फॉन्टमध्ये आहे. त्याचा फॉन्ट नसेल तर मराठी अक्षराच्या जागी त्याच क्रमांकाचे रोमन चिन्ह उमटते. इन्स्टॉलेशनने कोशाचे दोन्ही फॉन्ट पॅकेजमध्ये घेतले होते, म्हणून प्रोग्रामच्या खिडकीत अक्षरे नीट दिसत होती.

वर्ड प्रोग्रामच्या सांगण्यावरून उघडत असले तरी ते प्रोग्रामचे अपत्य नसते. कॉमच्या (एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावण्याच्या विंडोजच्या पद्धतीच्या) मार्गाने मागणी गेली की विंडोजची सेवा वर्ड स्वतंत्रपणे सुरू करते, म्हणून ते थराच्या बाहेर राहते आणि आतले फॉन्ट त्याला सापडत नाहीत. रजिस्ट्रीतील ‘रनव्हर्च्युअल’ या नोंदीने वर्डला पॅकेजच्या थरात चालवता येते आणि तो उपाय मी एका संगणकावर करून पाहिला, अक्षरे उमटली. तरीही तो कायम ठेवला नाही. एका कोशासाठी प्रयोगशाळेतील प्रत्येकाचे वर्ड कायमचे या थरात बांधणे मला योग्य वाटत नाही, आणि हीच पाने पुढे मुद्रितशोधनासाठी इतर संगणकांवरही उघडायची आहेत. दोन्ही फॉन्ट १८ संगणकांवर नेहमीप्रमाणे इन्स्टॉल केले आणि पॅकेजमधून काढून टाकले.

३१ जुलै

अंतिम पॅकेज सर्व १८ संगणकांवर प्रकाशित केले. या वेळची चाचणी वेगळी ठेवली : एका लॉगिनमधून नोंद करायची, दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या लॉगिनमधून ती वाचायची, तिसऱ्यावर ती बदलायची आणि प्रत्येक टप्प्यानंतर सर्व्हरवरील एमडीबीची वेळ पाहायची. त्याबरोबर वापरकर्त्यांच्या लोकल ॲपडेटामध्ये एमडीबी तयार झालेली नाही याचीही प्रत्येक संगणकावर खात्री केली. सर्व्हरवरील फोल्डराची रोज रात्री प्रत घेण्याची व्यवस्था लागली आहे.

सायंकाळी मॅडमनी अकराव्या संगणकावर बसून शिवळ उघडली, मराठवाड्यातील एक उच्चार तिच्यात जोडला आणि जतन केला. दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्या विद्यार्थिनीने आपल्या पडद्यावर तोच शब्द पुन्हा शोधला आणि तिसरा उच्चार मोठ्याने वाचून दाखवला.